हातावर दाखवताना घोडी कान पाडते, चावायला येते: तपासणी कुठून सुरू करावी

हातावर दाखवणं म्हणजे स्वार न होता, दोरी धरून घोडी परीक्षकासमोर चालवणं आणि उभी करणं. लक्षणं आधी सांगते. तुमचं जनावर यात बसतं का बघा.

- खरारा हातात घेतला की कान मागे, शेपटीचा फटका, कधी हवेतच पोकळ चावा.
- रोजची म्होरकी काढून शोचं हॉल्टर पुढे केलं की मान वर आणि तोंड भिंतीकडे.
- चल म्हटलं की चारही पाय रोवून उभी. चाललीच तर खांद्याने माणसाला ढकलत.
- चारही पाय सरळ करून उभं करताना मागचा एक पाय सारखा उचलते, दात वाजवते, बाही धरते.
- सोबत दुडकी पळताना डोकं झटकते, दंडावर तोंड मारते.
- परीक्षक किंवा कुणी परका जवळ आला की डोळे वटारते, नाकपुड्या आवळते.

आणि तबेल्यात हीच घोडी गरीब गाय असते. मालकाचा फोन येतो: "ताई, घर में तो बच्चे खेलते हैं इसके साथ, मैदान में जाते ही खुन्नस।" नवरात्र संपली की हे फोन सुरू होतात आणि दत्तजयंतीपर्यंत थांबत नाहीत. सारंगखेड्याची जत्रा दत्तजयंतीला, आमच्या इंदूरहून सेंधव्याचा घाट उतरून तापीकाठी. तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या शोमध्ये घोडा दाखवायचा म्हणून देपालपूर, हातोद, सिमरोलच्या शेतांवर महिनाभर घाईघाईची तयारी चालते. हीच एक तक्रार मी गेली 18 वर्षं सोडवते आहे. राजेंद्रनगरला राहते, त्यामुळे राऊ-महूकडचे तबेले तर पायाखालचे.

एका दिवसाची कुरकुर सोडून द्या, आपणही रोज हसतमुख नसतो. आठवड्यात तीनदा तेच दिसलं तर खालचा क्रम धरा. तो फुकटापासून खर्चाकडे लावला आहे. बहुतेक जण उलटं करतात. आधी जाड साखळी आणतात, मग घोड्याची देखभाल करायला नवा मोतद्दार ठेवतात, मग घोडी विकायला काढतात.

आणखी एक. अमेरिकेत शोमनशिप नावाचा जो प्रकार चालतो, त्यात गुण माणसाला असतात: घोडा किती सफाईने चालवला, वळवला, मागे घेतला, परीक्षक फिरेल तशी स्वतःची बाजू कशी बदलली. आपल्याकडच्या मारवाडी-काठियावाडी शोमध्ये गुण घोड्याला: बांधा, मान, कान, चाल. व्हिडिओ बघून तिकडचं तंत्र इकडे आणायला हरकत नाही, मीही काही आणलंय. पण स्पर्धा कुठलीही असो, बागडोरीच्या, म्हणजे हॉल्टरला लावलेल्या दोरीच्या, दुसऱ्या टोकाची तक्रार तीच राहते.

सगळ्यात आधी: वही

दहा रुपयांची वही घ्या आणि सात दिवस एवढंच लिहा: किती वाजता, शेवटचा चारा कधी खाल्ला होता आणि नेमकं कुठल्या पायरीवर कान गेले. हॉल्टर दिसल्यावर? पोटाकडे ब्रश गेल्यावर? चल म्हटल्यावर? की सगळं ठीक चालून पंधराव्या मिनिटाला?

माझ्या कामाचा निम्मा भाग ही वही करते. हॉल्टर बघूनच तोंड फिरवणाऱ्या घोडीचं दुखणं बहुधा डोक्यावर किंवा तोंडात असतं. ब्रश पोटाला लागताच चिडणारीचं पोटात किंवा कातडीत. फक्त उभं करताना चिडणारीचं पायात. आणि पंधराव्या मिनिटाला चिडणारी बहुधा कंटाळलेली असते, तिला दुखत काहीच नसतं. ‘चिडकी आहे’ म्हटलं की या चारही घोड्या एकच होऊन बसतात.

कान वाचताना मारवाडीत फसायला होतं. या जातीचे कान टोकाशी आत वळलेले, सगळीकडे फिरणारे. मागे गेलेला प्रत्येक कान रागाचा नसतो. तुम्ही खांद्याशी उभे असाल तर ती तुमच्याकडे कान देतेय एवढंच. कानाचं तोंड कुठे आहे ते बघा. मागे वळला पण उभा आहे, तर ऐकतेय. मानेला चपटा चिकटला, सोबत नाकपुडीमागे सुरकुती आली, ओठ आवळले, तर ती नाराजी.

मालक वहीऐवजी भोवरी, म्हणजे केसांचा भोवरा दाखवतात. "इथे ही भोवरी आहे ना ताई, म्हणून." भोवरीचा भावाशी संबंध असतो, मला मान्य आहे, बाजारात त्यावरून हजारो रुपये इकडचे तिकडे होतात. स्वभावाशी तिचा संबंध मला आजवर एकाही घोड्यात दिसला नाही.

1. तुमचा हात (खर्च: शून्य)

मोबाईल कुंपणाला टेकवून दहा मिनिटांचं चित्रीकरण करा. घोडीकडे बघू नका, स्वतःकडे बघा. आपला हात आपल्याला दिसत नसतो.

दहापैकी सहा वेळा दिसतं ते असं: माणसाने बागडोर हनुवटीखाली अगदी आखूड धरलेली असते आणि त्याच्या हाताचं वजन पूर्ण वेळ घोडीच्या नाकावर असतं. चालली तरी, थांबली तरी, बरोबर केलं तरी. एका बोटावर रिकामी बादली अडकवून पाच मिनिटं उभं राहून बघा. बादली जड नसते, पण ती जात नाही याचा राग येतो.

घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. तो क्षण एक-दोन सेकंदांचा असतो. एक पाऊल मागे म्हणून बागडोर हलकी मागे दाबली, तिने वजन मागे टाकताच हात उघडायचा. पाऊल पूर्ण व्हायची वाटही बघायची नाही. मग मनात पाच आकडे मोजून पुन्हा. हात उघडायला उशीर झाला, तर तिने बरोबर केल्यावरही तिला त्रासच झाला, म्हणजे पुढच्या वेळी ती दुसरं काहीतरी करून बघणार. ते दुसरं काहीतरी बऱ्याचदा तुमच्या बाहीवर येतं.

उभं राहण्याची जागाही बघा. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. शोमध्ये ऐटीत उभं राहायचं म्हणून लोक नाकासमोर छाती काढून उभे राहतात आणि वर हात उंचावतात. तिच्या लेखी माणूस दिसेनासा झाला आणि त्याच वेळी डोक्यावर काहीतरी आलं. एक हात अंतर ठेवून डोळ्याच्या जरा बाजूला उभे राहा, चालताना डोकं आणि खांदा यांच्या मध्ये.

गूळ हातातून देणं बंद करा. इंदुरात हे सांगणं म्हणजे पोह्यांवरची शेव बंद करा म्हणण्यासारखं आहे, ठाऊक आहे. पण खिशात गूळ असलेला माणूस हा तिच्यासाठी चालता गोदाम असतो. द्यायचाच तर काम संपल्यावर बादलीत.

आणि चावल्यावर तोंडावर चापट नको. तरुण घोड्याला तो खेळ वाटतो, मी चावतो तू मार. भित्री घोडी डोक्याजवळ हात येताच डोकं झटकायला शिकते, मग हॉल्टर घालायचं नवंच संकट. दात जवळ आले की बागडोरीने तिला दोन पावलं मागे घ्या, हात उघडा, पुढचं काम सुरू. तिच्याशी भांडण काढू नका.

हे दहा दिवस केलं आणि वहीत फरक पडला, तर पुढचं वाचायची गरज नाही.

2. वेळ आणि कंटाळा (खर्च: तुमचा हट्ट)

बावीस तास अगाडी-पिछाडीत बांधलेला घोडा सोडून थेट चौकोनात उभा करायचा आणि हलू नको म्हणायचं, हे मला कधी समजलं नाही. आधी अर्धा तास वाड्यात मोकळी सोडा, किंवा दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं कावा द्या, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवा. निम्मी चिडचिड यातच गेली, तर कारण सापडलं.

सरावाचा एकूण वेळ 10 ते 12 मिनिटं. त्यात सरळ उभं करणं फक्त तीनदा. हे सांगितलं की मालक माझ्याकडे संशयाने बघतात, फी पूर्ण घेते आणि काम दहा मिनिटं. पण उभं राहणं हे जनावरासाठी सगळ्यात अवघड काम आहे, कारण त्यात करायला काहीच नसतं. उभी राहिली, की पाय दुरुस्त केला. पुन्हा दुरुस्त केला. जरा निवांत झाली, की अजून एकदा दुरुस्त केला. म्हणजे निवांत होणं हीच चूक ठरली. दोन पाय बरोबर पडले तर तेवढ्यावर चालायला लागा. चारही पायांचा हिशेब पुढच्या आठवड्यात होतो.

तेच कानांचं. कान पुढे जुळावेत म्हणून चार जण चार बाजूंनी शिट्ट्या मारतात, पिशव्या चुरगळतात. पहिल्या दोन वेळा घोडी कान देते. तिसऱ्यांदा तिला कळतं की पिशवीत काही नाही. रोजच्या सरावात एकदाच आवाज, बाकी शोच्या दिवसासाठी शिल्लक ठेवा.

3. खरारा आणि माशा

मारवाडीचं कातडं पातळ. लोखंडी दात्यांचा खरारा मांसल पुठ्ठ्यावर ठीक. गुडघ्याखाली, बरगडीच्या कडेला, चेहऱ्यावर तो चालवू नका, तिथे कापड किंवा मऊ ब्रश. पावसाळ्याच्या शेवटी छातीखाली आणि बेंबीपाशी माशांनी केलेले बारीक फोड असतात, केसांत दिसत नाहीत, बोटांना लागतात. पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका.

4. भूक (खर्च: चाऱ्याची जाळी, थोडी लूसर्न म्हणजे लसूणघास)

इथे जरा थांबते, कारण मालकाचं प्रेम आणि घोड्याचं पोट यांची गाठ इथेच पडते.

शो जवळ आला की खुराक वाढतो. भिजवलेला हरभरा, जव, गूळ, तूप, कुणी दूधही. जनावर गोल दिसावं, अंगावर तकाकी यावी म्हणून. आणि चंदी भरपूर दिली म्हणून चारा कमी. संध्याकाळी सातला शेवटचा भुसा, तो नऊपर्यंत संपतो. सकाळी सहाला सराव, तोही उपाशीपोटी, कारण "खाऊन जड होते." म्हणजे नऊ तास रिकामं पोट आणि मग काम.

माणसाच्या पोटात जेवताना आम्ल वाढतं. घोड्याच्या पोटात ते चोवीस तास पाझरत राहतं, खाल्लं तरी, न खाल्लं तरी. ते शमवते लाळ, आणि घोड्याची लाळ चावतानाच सुटते. चारा नाही म्हणजे चावणं नाही, लाळही नाही. पाच-सहा तासांनंतर पोटात नुसतं आम्ल उरतं. पोटाच्या वरच्या भागाला संरक्षक थर नसतो. रिकाम्या पोटी दुडकी पळवली की आम्ल हिंदकळून तिथे लागतं. दाण्याला चावणं कमी लागतं, म्हणजे जास्त दाणा आणि कमी चारा हे दुहेरी नुकसान. गंमत म्हणजे घोड्याला पित्ताशयच नसतं, पण आपण घरात ज्याला पित्त झालं म्हणतो ते त्याला भरपूर होतं. आपल्याला उलटी होऊन मोकळं वाटतं. घोड्याला उलटी करता येत नाही. तो कान पाडतो.

उपाय साधा. सुक्या चाऱ्याचं दिवसाचं प्रमाण वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 350 किलोच्या घोडीला 5 ते 7 किलो. बारीक भोकांच्या जाळीत टांगा, म्हणजे रात्रभर पुरतो. नुसत्या गव्हाच्या भुशावर ठेवू नका, त्याने पोट तुंबतं. गवत, लूसर्न किंवा बरसीम मिसळा. दाणा एका वेळी दीड किलोच्या वर नको, हवं तर तीन वेळा विभागून द्या. सरावाच्या अर्धा तास आधी किलोभर चारा, शक्यतो लूसर्न, कारण त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवायला मदत करतं. बदल एका रात्रीत करू नका, आठ-दहा दिवस घ्या, नाहीतर चिडकी घोडी पोटशूळाने लोळायला लागेल.

दोन आठवडे असं केलं आणि वही शांत झाली, तर कारण पोटात होतं. थोडा फरक पडून अडकली, तर नववा मुद्दा वाचा.

5. हॉल्टर, साखळी, गोंडे (खर्च: काही शे रुपये)

हॉल्टर काढून आतल्या बाजूने बोट फिरवा, डोळे मिटून. रिव्हेटचं टोक, शिवणीची गाठ, पितळी फुलाची मागची कडी, सगळं लागेल. बाहेरून शोचा दागिना, आतून खिळे. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली हवी आणि तिच्याखाली दोन बोटं जायला हवीत. त्याहून खाली सरकली तर ती नाकाच्या मऊ भागावर येते आणि प्रत्येक झटका श्वासावर बसतो. कानामागची पट्टी कानाच्या मुळावर चढत नाही ना, बघा. मारवाडीचे कान दाखवायचे म्हणून ती मुद्दाम पुढे ओढलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

हनुवटीखालची साखळी शिकवण्यासाठी नाही. शिकलेल्या घोड्याला, शिकलेल्या हाताने, आठवणीपुरती. आणि साखळी लावून जनावर बांधायचं कधीच नाही.

काटेरी लगाम असेल तर तो आजच फेका. ओझेवाहू जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांत, आठव्या नियमाने तो निषिद्ध आहे, तरी आपल्याकडे वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सर्रास दिसतो. वरातीतून घेतलेली घोडी असेल तर ओठांचे कोपरे उघडून बघा. पांढरे व्रण असले तर तिची तोंडाजवळच्या हाताशी जुनी ओळख आहे. अशा घोडीला मी पहिले दोन आठवडे हॉल्टर चढवायचं आणि लगेच काढायचं, एवढंच करते. तुळशीचं लग्न लागलं की गावभर बँड वाजतो आणि ती पुन्हा घामेघूम होते. त्या आठवड्यात तिच्याकडून नवं काही मागत नाही.

6. खूर (खर्च: नालबंदाची एक फेरी)

फक्त उभं करताना चिडते, मागचा पाय उचलून ठेवते, अशी नोंद असेल तर इथून सुरुवात करा. चारही पायांवर सारखं वजन टाकणं हे दुखऱ्या पायाला सगळ्यात कठीण. चालताना ती दुखणं चोरते. उभं केलं की चोरता येत नाही.

माळव्याची काळी माती पावसात खुरात लिंपून बसते आणि दिवसचे दिवस ओली राहते. तळाच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकट स्राव दिसला तर तो कुजण्याचा रोग. खाच रोज साफ, कोरडी जागा, नालबंदाच्या सल्ल्याने औषध. मग दिवाळीनंतर तीच माती दगडासारखी होते आणि वाढलेले खूर तिच्यावर आपटतात. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासायचे, "जत्रेच्या आधी एकदा" नाही. नाल नुकती मारली असेल आणि त्याच दिवसापासून चिडचिड असेल, तर एखादा खिळा आत गेलाय का ते नालबंदालाच विचारा. तो रागावेल, तरी विचारा.

घरची चाचणी: कडक जमिनीवर, सैल बागडोरीने, सरळ रेषेत दुडकी. डोकं लयीत खाली जात असेल तर पुढचा एक पाय दुखतोय. डोकं खाली जातं ते चांगला पाय टेकताना, दुखऱ्यावर ते वर उचललं जातं. लोक हे उलटं समजतात आणि चांगल्या पायाला शेक देत बसतात. लंगडी दिसली तर सराव बंद, डॉक्टर.

7. माज

पागेतले जुने लोक ज्याला अलंग म्हणतात, तो साधारण 21 दिवसांच्या फेऱ्याने येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. कॅलेंडरवर खूण करा. चिडचिड त्याच दिवसांत येऊन जात असेल तर ते दिवस हलके ठेवा, एवढंच. पण हे कारण फार स्वस्तात वापरलं जातं. दिवस लहान झाले की बऱ्याच घोड्यांचा माज मंदावतो किंवा थांबतो, म्हणून मार्गशीर्षात महिनाभर सलग चिडणाऱ्या घोडीवर हा शिक्का मारू नका. वळू घोड्याचं वेगळं: शेजारच्या दाव्याला घोडी बांधून त्याच्याकडून शिस्त मागू नका.

8. दात (खर्च: डॉक्टरची भेट आणि गुंगीचं इंजेक्शन)

"तोंडात लगामच नाही, तर दातांचा काय संबंध?" मीही पूर्वी असंच म्हणायचे. हातोदकडे एक नुकरा, म्हणजे पांढरा घोडा होता, चार वर्षांचा. डाव्या बाजूने नेला की देवमाणूस, उजवीकडे वळवला की दंडावर दात. मी महिनाभर त्याचं वळण सुधारत बसले, हात बदलला, माणूस बदलला. शेवटी डॉक्टरांनी तोंडात यंत्र लावून दिवा टाकला, तर उजव्या गालाच्या आत रुपयाएवढा व्रण.

घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून झिजतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या होतात, खालच्यांच्या आतल्या. हॉल्टरची नाकपट्टी ओढली की ती गाल आत दाबते, थेट त्या कडेवर. लगाम लागतच नाही. शिवाय अडीच ते पाच वर्षांच्या वयात दुधाचे दात पडत असतात, आणि शोमधले बरेच घोडे नेमके याच वयाचे.

खुणा: चावताना घास बाहेर पडतो, तोंड एका बाजूला झुकवून खातो, लिदीत अख्खे दाणे, तोंडाला वास. वर्षातून एकदा दात बघून घ्या. जत्रेत कानस घेऊन फिरणाऱ्याकडून, चार माणसांनी दाबून धरून, हे करून घेऊ नका. नुकऱ्याचे दात घासल्यावर गाल आठ दिवसांत भरला. त्याची उजवीकडे वळायची भीती जायला मात्र पाच आठवडे लागले, आणि ते आठवडे माझ्या आधीच्या महिन्याचं व्याज होतं.

9. पोट, पाठ, ताप: इथे आपलं काम संपतं

वरचं सगळं करूनही पोटाला हात लागताच चावते, चंदी अर्धी सोडते, केस राठ, वजन उतरतंय, तर पोटात व्रण असू शकतो. खात्री तीन मीटर लांबीच्या, पोटात घालायच्या दुर्बिणीनेच (एंडोस्कोप) होते. ती सोय सगळीकडे नसते. आमच्या बाजूला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासून आहे, आधी तिथे विचारावं. माणसाची ॲसिडिटीची गोळी अंदाजाने देऊ नका. मात्रा, वेळ, किती दिवस, सगळं डॉक्टर ठरवतील. आणि "अंग दुखत असेल" म्हणून दुखण्याची पावडर तर अजिबात नको. तिचा अतिरेक स्वतःच पोटात व्रण करतो.

सराव त्याच क्षणी थांबवून डॉक्टरला बोलवा, जर:

ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर असेल, किंवा शांत उभी असताना नाडी मिनिटाला 44 च्या वर राहत असेल. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली किंवा पायांवर सूज, उतरत जाणारी तब्येत, हे पावसाळ्यानंतर सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचं लक्षण असू शकतं; तो मोठ्या चावऱ्या माशांमार्फत पसरतो. मागचा भाग डुलत असेल, वळताना पाय घसरत असतील, जुने लोक ज्याला कमरी म्हणतात, तर एक दिवसही थांबू नका. नाकातून घट्ट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर घोडी वेगळी बांधा, उघड्या हाताने शिवू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्याची खबर पशुसंवर्धन खात्याला देणं बंधनकारक आहे.

आणि एक, जे लोक विसरतात: जन्मभर शांत असलेलं जनावर दोन-तीन दिवसांत अचानक आक्रमक झालं, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, स्वतःच्या अंगाला चावतंय, तर तो रेबीज असू शकतो. कुत्रा चावलेला कुणी पाहिला नसला तरी. "घशात काही अडकलं का बघतो" म्हणून तोंडात हात घालू नका. दूर व्हा, 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा. ज्यांना चावा किंवा लाळ लागली, त्यांनी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

दुखणं काहीच नाही, पण दोन पायांवर उभी राहते, पुढच्या पायांनी मारते किंवा तोंड उघडून अंगावर येते, तर अनुभवी प्रशिक्षक बोलवा. व्हिडिओ बघून हे घरी दुरुस्त करू नका. मुलांना तर वाड्याच्या आतही सोडू नका.

कारण गेल्यावरही

दुखणं गेलं तरी सवय काही दिवस राहते. माझी पद्धत: पहिला आठवडा फक्त हॉल्टर आणि फेरफटका, उभं करणं नाही. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं. आणि रोज एक परका माणूस. तो येतो, खांद्यावर मानेच्या मुळाशी खाजवतो, निघून जातो.

हा परका माणूस मी एका कुमैत (तांबूस अंगाच्या, काळ्या आयाळीच्या) घोडीकडून शिकले. तिच्या वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सराव लोण्यासारखा. शोमध्ये परीक्षक वय बघायला दातांकडे आला आणि तिने त्याच्या बंद गळ्याच्या कोटाची बाही धरली, सोडेना. घरी आल्यावर वही काढली. महिनाभरात तिच्याजवळ आलेला प्रत्येक परका एकतर सुई घेऊन आला होता, नाहीतर तोंड उघडायला. मी त्यांची नावं आणि तारखा व्यवस्थित लिहून ठेवल्या होत्या, फक्त एका ओळीत वाचल्या नव्हत्या. पुढचे दोन महिने राजेंद्रनगरातले माझे शेजारी, दूधवाला आणि एक निवृत्त मास्तर आळीपाळीने शेतावर येऊन तिची मान खाजवून गेले. मास्तर अजून येतात.